पहिले गाणे स्वतः प्रकाशित करताना: कोणते काम कधी करावे

संगीत कंपनीशी करार न करता गाणे मुद्रित करणे आणि ते जगभर ऐकवणे आता एका माणसाला घरबसल्या जमते. यातला संगीताचा भाग नवोदितांना ठाऊक असतो. गोंधळ उडतो तो बाकीच्या कामांत, कारण ती कामे कोणत्या क्रमाने करायची हे कुणी सांगत नाही. कुणी आधी वितरकाकडे (गाणे स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या मध्यस्थाकडे) खाते उघडतो आणि मग घाईघाईने मुखचित्र शोधत बसतो. कुणी गाणे चढवून मोकळा होतो आणि वर्षभराने त्याच्या लक्षात येते की सोबतच्या वादकाची लेखी संमती कधी घेतलीच नव्हती. मी या दोन्ही चुका केल्या आहेत. प्रकाशनानंतर दुरुस्त न होणाऱ्या बहुतेक चुका प्रकाशनाच्या आधीच्या काही आठवड्यांत घडतात, असे माझे निरीक्षण आहे, म्हणून या लेखाचा मोठा भाग गाणे लोकांसमोर येण्याआधीच्या कामांवर आहे.

हा लेख शब्द, चाल आणि मुद्रण स्वतः किंवा मित्रांसोबत करणाऱ्यांसाठी आहे. कायद्याचे तपशील देशागणिक बदलतात, तेवढे आपापल्या देशापुरते तपासून घ्यावेत. कामांचा क्रम मात्र सगळीकडे जवळपास सारखाच राहतो.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

- संगणक, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोनचा आवाज संगणकात नेणारे उपकरण), एक मायक्रोफोन, त्याचा स्टँड, पॉप फिल्टर आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन
- मुद्रणाचे सॉफ्टवेअर: ऑडॅसिटी (२००० सालापासून मोफत उपलब्ध), आर्डर किंवा ६० दिवस सर्व सोयींसह वापरून पाहता येणारे रीपर
- दोन बाह्य हार्ड डिस्क
- प्रत्येक गाण्यासाठी वाटणीचे एक पान, सर्वांच्या सह्यांसह
- दुसऱ्या कुणाचा तुकडा, लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा) किंवा चाल वापरली असल्यास तिच्या परवान्याची प्रत
- मुखचित्र आणि ते काढणाऱ्याची लेखी परवानगी
- ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील आणि करविषयक क्रमांक (वितरक व विक्रीची संकेतस्थळे पैसे देण्याआधी हे मागतात)
- सर्व गाण्यांची माहिती एका जागी ठेवणारी एक स्प्रेडशीट

१. गाण्यात किती हक्क असतात ते समजून घ्या

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, अर्थात ती रचना एका विशिष्ट दिवशी गाऊन-वाजवून टिपलेले रूप, ज्याला व्यवहारात मास्टर म्हणतात. एकाच रचनेची दहा ध्वनिमुद्रणे असू शकतात आणि दहांचे मालक निरनिराळे असू शकतात. संगीत कंपनीच्या प्रचलित करारात कलावंताला बहुतेक वेळा मास्टरवरचा हक्क सोडावा लागतो. स्वतंत्रपणे काम करताना तो आपल्याकडे राहतो, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर तो आपल्याकडेच राहील याची काळजी घ्यायची असते.

बर्न करार (१८८६) मानणाऱ्या देशांत रचनेवरचा हक्क ती निर्माण होताच मिळतो, नोंदणी सक्तीची नसते. गायक-वादक आणि ध्वनिमुद्रणाचे निर्माते यांच्या हक्कांसाठी १९६१ सालचा रोम करार आहे. हक्क आपोआप मिळत असला तरी वाद झाल्यास तारखेचा पुरावा लागतोच. म्हणून फोनवर गुणगुणून ठेवलेली चाल आणि शब्दांची खाडाखोड केलेली पाने यांसारखे कच्चे साहित्य फेकून देऊ नये. काही देशांत न्यायालयात नुकसानभरपाई मागताना अधिकृत नोंदणीचा फायदा होतो, तेव्हा तिथे ती करून घ्यावी.

नवोदितांचा इथला नेहमीचा गैरसमज असा की दुसऱ्याचे गाणे आपण आपल्या आवाजात गायले म्हणजे ते आपले झाले. तसे गायलेले ध्वनिमुद्रण आपले असते, रचना मूळ माणसाचीच राहते आणि प्रकाशनासाठी तिचा परवाना लागतो. पारंपरिक चालींबाबतही जपून राहावे, कारण चाल सर्वांची असली तरी आपण जिच्यावरून ती उचलली ती मांडणी एखाद्या हयात संगीतकाराची असू शकते.

२. मुद्रणाच्या दिवशीच वाटणीचे पान भरा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर निदान एवढी पायरी वाचावी.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून एक गाणे केले. शब्द माझे, मुखड्याची चाल माझी, पण अंतऱ्याला वळण मिळाले ते आमच्या तालवादकाने सहज गुणगुणलेल्या एका ओळीमुळे. त्या दिवशी सगळे खुशीत होते आणि कागद काढायचे कुणाच्या मनातही आले नाही. दोन वर्षांनी एका छोट्या माहितीपटाच्या दिग्दर्शिकेने ते गाणे मागितले. तिला आठ दिवसांत सर्व हक्कदारांच्या सह्या हव्या होत्या. तोवर एकाचा फोन क्रमांक बदलला होता, दुसऱ्याला आपला वाटा नेमका किती असे आपण ठरवले होते हे आठवत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही आठवत नव्हते. मुदत संपली आणि तिने दुसरे गाणे घेतले. पैसे बुडाल्याचे दुःख लवकर ओसरले. त्या आठ दिवसांत मित्रामित्रांत जे बोलले गेले ते मात्र अजून सलते.

तेव्हापासून वाद्ये पेटीत जाण्याआधी आम्ही एक पान भरतो. त्यावर गाण्याचे नाव, मुद्रणाची तारीख आणि जागा, प्रत्येकाचे पूर्ण नाव, पत्ता व ई-मेल, रचनेतला प्रत्येकाचा टक्का, मास्टरमधला प्रत्येकाचा टक्का आणि सह्या एवढेच असते. दोन्ही बेरजा स्वतंत्रपणे १०० झाल्या पाहिजेत. उदाहरणार्थ, रचनेत शब्दकाराला ५० आणि चाल बांधणाऱ्या दोघांना २५-२५ टक्के असू शकतात, तर मास्टरमध्ये चौघांचे समान २५ टक्के असू शकतात. कुणी ठरावीक मानधन घेऊन फक्त वाजवणार असेल तर 'मानधन मिळाले, या ध्वनिमुद्रणाच्या वापराला माझी संमती आहे, मालकीत वाटा नाही' असे त्याच पानावर त्याच्या सहीने लिहून घ्यावे. शेवटी आणखी एक ओळ आम्ही नेहमी घालतो: गाणे चित्रपट, जाहिरात वगैरेंना द्यायचे झाल्यास सर्वांच्या वतीने होकार कोण देईल. त्या माहितीपटाच्या वेळी ही एक ओळ असती तर सही एकाच माणसाची लागली असती.

पानाचा फोटो काढून लगेच सर्वांना ई-मेलने पाठवावा. मैत्रीत हिशेब कसा काढायचा, असा संकोच वाटतो खरा, पण गाणे चालण्याआधी टक्के ठरवणे सोपे जाते, चालल्यावर फार अवघड होते.

तयार लूप किंवा विकतचा बीट (साथीचा तयार ट्रॅक) वापरला असेल तर त्याचा परवाना त्याच फोल्डरमध्ये ठेवावा आणि तो आधी नीट वाचावा. बीट भाड्याने देणाऱ्या अनेक परवान्यांत ठरावीक वेळा वाजल्यानंतर किंवा ठरावीक काळानंतर नवा परवाना घ्यावा लागतो. शिवाय तोच लूप इतरांनीही वापरलेला असतो. माझ्या एका मित्राच्या गाण्यावर यूट्यूबच्या कंटेंट आयडी या, गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेतून भलत्याच माणसाचा दावा आला, कारण दोघांनी एकाच संग्रहातला लूप सुरुवातीला उघडाच ठेवला होता. परवान्याची प्रत हाताशी होती म्हणून तो दावा उठवता आला.

३. आधी खोली सुधारा, मग मायक्रोफोनवर खर्च करा

नवा माणूस महागडा मायक्रोफोन घेतो आणि उघड्या भिंतींच्या खोलीत गातो. चांगला मायक्रोफोन त्या खोलीचा घुमारा आणखी स्पष्टपणे टिपतो, आणि मुद्रणात उतरलेला घुमारा नंतर जवळजवळ काढता येत नाही. खोलीच्या मध्ये उभे राहून एक खणखणीत टाळी वाजवून पाहा. टाळीनंतर झिंग्ग असा तरंगता आवाज आला तर समोरासमोरच्या भिंती एकमेकींकडे आवाज टोलवत आहेत. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, जाड रजया, गादी, पुस्तकांची भरलेली मांडणी यांनी पुष्कळ फरक पडतो. गायकाच्या पाठीमागे रजई लटकवणे विशेष उपयोगी, कारण समोरून येणारा आवाज घेणारा मायक्रोफोन गायकाच्या पाठीमागची भिंत सरळ ऐकत असतो.

मग पंखा आणि फ्रीज बंद करा, फोन खोलीबाहेर ठेवा, आणि कुणी न बोलता अर्धा मिनिट नुसती खोली मुद्रित करा. हेडफोनमध्ये ती शांतता ऐकली की न जाणवणारे बरेच आवाज सापडतात. मला एकदा भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक अशीच सापडली होती, आणि तोवर तीन टेक झाले होते.

गाताना तोंड मायक्रोफोनपासून साधारण १५ ते २० सेंटीमीटरवर असावे. फार जवळ गेल्यास एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनमध्ये खर्जाचे सूर फुगतात, फार लांब गेल्यास खोली ऐकू येऊ लागते. पॉप फिल्टर प आणि फ यांचे फटके अडवतो. मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवावे आणि सर्वांत मोठा आवाज मापकावर उणे ६ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी लावावी. पातळी शून्याला टेकवायची गरज नसते, कारण २४ बिटमध्ये आवाजाच्या पल्ल्याला भरपूर जागा असते. शून्यापुढे गेलेला आवाज मात्र तुटतो आणि तो जोडता येत नाही. या दर्जाचा एका मायक्रोफोनचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा घेतो, तेव्हा दहा-बारा ट्रॅकच्या गाण्यासाठी डिस्कवर आधीच जागा करून ठेवावी.

गाताना आपलाच आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा येत असेल तर सॉफ्टवेअरमधले बफर (आवाज तात्पुरता साठवण्याची जागा) कमी करावे. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलच्या बफरचा उशीर जेमतेम २.७ मिलिसेकंद असतो. मिश्रणाच्या वेळी, म्हणजे सर्व ट्रॅक एकत्र जुळवताना, ते पुन्हा वाढवावे, नाहीतर संगणक अडखळतो.

४. मिश्रण आणि मास्टर प्रत

मिश्रणाबद्दल शिकवणारे साहित्य विपुल आहे, म्हणून मी फक्त जिथे नवोदित फसतात तेवढे सांगते. मुद्रणाच्या दिवशी मिश्रण करू नका, कान थकलेले असतात. बराच वेळ हळू आवाजात ऐका, कारण मोठ्या आवाजात सगळेच चांगले वाटते. फोनच्या स्पीकरवर शब्द कळतात का, ते पाहा.

गाणे इतरांपेक्षा मोठे वाजावे म्हणून ते चेपून सपाट करण्याचा मोह टाळावा. स्पॉटिफायसारख्या सेवा वाजवताना सर्व गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) या पातळीवर आणतात, म्हणजे चेपलेले गाणे पुन्हा खाली ओढले जाते आणि त्याची गेलेली उठावदार घडण परत येत नाही. शिखर-पातळी उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, म्हणजे एमपी३ वगैरे रूपांतरात आवाज फाटत नाही. शक्य झाल्यास मास्टरिंग (मिश्रण झालेल्या गाण्यावरचा शेवटचा हात) दुसऱ्या जाणत्या माणसाकडून करून घ्यावे, कारण आपण ते गाणे शेकडो वेळा ऐकलेले असते.

शेवटी पुढील प्रती काढून ठेवा: पूर्ण गाण्याची २४ बिट वेव्ह फाइल, गायनाशिवायची फक्त वाद्यांची प्रत, आणि गायन, ताल, तंतुवाद्ये अशा गटवार स्टेम (प्रत्येक गटाची वेगळी ध्वनिफाइल). चित्रपट-मालिकांसाठी गाणे मागणारे हमखास वाद्यांची प्रत मागतात, आणि तोवर सॉफ्टवेअर बदललेले असते. मूळ प्रत एमपी३ मध्ये ठेवणे ही घोडचूक आहे. त्यातला काढून टाकलेला ध्वनी पुन्हा वेव्हमध्ये रूपांतर केल्याने भरून येत नाही.

५. नाव, क्रमांक आणि माहितीचा तक्ता

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षरांचा क्रमांक लागतो. त्यात देशाची दोन अक्षरे, नोंदणीकर्त्याची तीन अक्षरे, वर्षाचे दोन अंक आणि पाच अंकी अनुक्रम असतो. तो वितरकाकडून मिळतो किंवा आपल्या देशातल्या आयएसआरसी देणाऱ्या संस्थेकडून स्वतः घेता येतो. तेच ध्वनिमुद्रण आधी सुटे आणि नंतर अल्बममध्ये आले तर क्रमांक तोच ठेवायचा. नव्याने गायले किंवा रीमिक्स केले तर नवा घ्यायचा. संपूर्ण प्रकाशनाला, म्हणजे सुट्या गाण्याला किंवा अल्बमला, यूपीसी हा वेगळा क्रमांक असतो. दोन्ही स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये लिहून ठेवा. वितरक बदलायची वेळ आली की या ओळी सोन्याच्या ठरतात. का ते आठव्या पायरीत येईल.

कलावंत म्हणून घेतलेले नाव आधी सर्व मोठ्या सेवांवर शोधून पाहावे. त्याच नावाचा दुसरा कलावंत असेल तर आपली गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात आणि ती वेगळी करण्यात महिने जातात. रोमन लिपीतले स्पेलिंगही एकदाच ठरवा. तीन प्रकाशनांत तीन स्पेलिंगे केली तर यंत्रणेच्या लेखी आपण तीन निरनिराळी माणसे असतो.

मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेलचे असावे. त्यावर संकेतस्थळाचा पत्ता किंवा समाजमाध्यमांची चिन्हे घालू नयेत, वितरक ते परत पाठवतात.

६. परवाना ठरवा

गाणे 'सर्व हक्क राखीव' ठेवावे की क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली द्यावे, हा निर्णय प्रकाशनाआधी घ्यायचा असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने २००२ च्या डिसेंबरात आले आणि कंपन्यांच्या बाहेर संगीत वाटणाऱ्यांना त्यांनी मोठे बळ दिले. हे परवाने म्हणजे हक्कांचे दान नव्हे. मालकी आपलीच राहते, फक्त कोणत्या अटींवर इतरांनी न विचारता वापरावे ते आपण आधीच सांगून ठेवतो. 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या, 'एसए' म्हणजे यातून केलेले नवे कामही याच परवान्याखाली द्या, 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको, 'एनडी' म्हणजे बदल नकोत. परवाना दिला तरी तेच गाणे विकता येते, आणि एनसी परवाना असल्यास व्यापारी वापरासाठी वेगळे पैसे घेऊन वेगळी परवानगी देता येते.

इथले धोके गंभीर आहेत, म्हणून ते सविस्तर सांगते. एकदा दिलेला परवाना त्या प्रतीपुरता मागे घेता येत नाही. आपण वाटणे थांबवू शकतो, पण ज्याने घेतले त्याचा अधिकार टिकतो. एनडी परवान्याखालचे गाणे चलचित्राखाली जोडणे हाही बदल मानला जातो, त्यामुळे लघुपट करणाऱ्यांना ते वापरता येत नाही, आणि पुष्कळ संगीतकारांच्या हे ध्यानात येत नाही. वाटणीच्या पानावरच्या सर्वांची संमती असल्याशिवाय एकट्याने परवाना देता येत नाही. रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद होताना काही संस्था आपले हक्क स्वतःकडे घेतात आणि मग असा परवाना देण्याची मुभा उरत नाही, तेव्हा अर्जावर सही करण्याआधी हा प्रश्न लेखी विचारावा.

शेवटचा धोका मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाणे बीवाय परवान्याने मुक्त केले आणि वितरकाच्या अर्जातला कंटेंट आयडीचा चौकोनही टिचकी मारून भरला, तर आपण ज्यांना वापरायला सांगितले त्यांच्याच व्हिडिओंवर आपल्या नावाने दावे जातात. विश्वासाने आपले गाणे घेतलेल्या माणसाला अशी सूचना मिळणे ही त्याची फसवणूकच आहे. मुक्त परवाना दिला असेल तर तो चौकोन रिकामा ठेवा.

७. गाण्याला आधी स्वतःचे घर द्या

स्ट्रीमिंग सेवेवर श्रोता कोण हे आपल्याला कळत नाही. त्याचे नाव, पत्ता, ई-मेल सेवेकडे राहतो. म्हणून स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे (ते मित्राच्या किंवा संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर नोंदवू नये) आणि तिथे एक साधे पान ठेवावे. फेअरकॅम्प नावाचे मुक्त सॉफ्टवेअर गाण्यांच्या फोल्डरमधून ऐकण्या-उतरवण्याचे पूर्ण संकेतस्थळ तयार करून देते. संगणकाची थोडी सवय असेल तर ते जरूर पाहावे.

थेट विक्रीसाठी २००८ पासून चालू असलेले बँडकॅम्प नवोदितांना सोयीचे आहे. डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेते, पैसे पोहोचवणाऱ्या सेवेचे शुल्क वेगळे. २०२० च्या मार्चपासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडते, त्यामुळे पुष्कळ जण प्रकाशन त्या दिवशी ठेवतात. तिथे वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक फाइलच चालते. किंमत ठरवताना 'इतके किंवा अधिक' असा पर्याय ठेवावा, कारण मनापासून ऐकणारे लोक अधिक देतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. मुक्त परवान्याचे काम इंटरनेट अर्काइव्हवरही ठेवता येते.

तरीही कोणतेही संकेतस्थळ कायमचे मानू नये. बँडकॅम्पचीच मालकी २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा बदलली. मायस्पेसने २०१९ मध्ये कबूल केले की सर्व्हर बदलताना पूर्वी चढवलेले संगीत हरवले, आणि त्यात असंख्य स्वतंत्र संगीतकारांची एकुलती एक प्रत गेली. म्हणून संमती देणाऱ्या श्रोत्यांची ई-मेल यादी पहिल्या दिवसापासून करा आणि दर महिन्याला ती उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवा. कार्यक्रमानंतर वहीत स्वतःच्या हाताने पत्ता लिहून गेलेली तीस माणसे पुढच्या प्रकाशनाला नक्की कान देतात.

८. वितरक निवडताना करार वाचा

मोठ्या स्ट्रीमिंग सेवा सहसा व्यक्तीकडून थेट गाणे घेत नाहीत, मध्ये वितरक लागतो. काही वितरक वर्षाची वर्गणी घेतात, काही प्रत्येक प्रकाशनाला एकदाच शुल्क घेतात, काही उत्पन्नातला टक्का घेतात. वर्गणी वरवर स्वस्त दिसते. मी पहिल्यांदा तीच निवडली, आणि पुढच्या वर्षी बँकेचे कार्ड बदलल्यामुळे वर्गणी भरली गेली नाही. सूचनांचे ई-मेल नको असलेल्या पत्रांच्या ढिगात गेले आणि एका सकाळी एका श्रोत्याने विचारले की तुमची गाणी का काढलीत. सगळी गाणी उतरली होती. पुन्हा चढवताना घाईत मी नवे आयएसआरसी घेतले आणि जुने सारे ऐकण्याचे आकडे व लोकांच्या याद्यांमधल्या (प्लेलिस्टमधल्या) जागा गेल्या. जुने क्रमांक लिहून ठेवलेले असते तर तेच वापरून हे बरेचसे वाचले असते.

करारात पुढील गोष्टी शोधा. तो मालकी मागतो का; मागत असेल तर तिथेच थांबा. तो एकाधिकार मागतो का आणि बँडकॅम्पसारखी स्वतःची विक्री त्यातून वगळली आहे का. सोडून जायचे झाल्यास किती दिवसांची सूचना लागते, आणि वर्गणी थांबली तर गाण्यांचे काय होते. किमान किती रक्कम जमल्यावर पैसे काढता येतात. वाटणीच्या पानाप्रमाणे पैसे थेट चौघांच्या खात्यांत जातील अशी सोय आहे का.

उत्पन्नाबद्दल आधीच स्पष्ट कल्पना असावी. स्पॉटिफायसारख्या सेवेत प्रत्येक वेळी ऐकण्याला ठरलेला दर नसतो. जमलेल्या पैशातला हक्कदारांचा हिस्सा एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो. शिवाय २०२४ पासून तिथे मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकले गेलेले गाणे ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीच्या हिशेबातच धरले जात नाही. नव्या माणसासाठी स्ट्रीमिंग म्हणजे सापडण्याची जागा आहे, आणि मिळकत थेट विक्री व कार्यक्रमांतून आधी येते.

९. तारीख ठरवा आणि लोकांना कळवा

वितरकाकडे गाणे तारखेच्या चार ते सहा आठवडे आधी द्यावे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असेल तर ते कलावंताच्या खात्यातून प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी करावे लागते, पण त्यावर सारी भिस्त ठेवू नये.

सामुदायिक रेडिओ, संगीतावर लिहिणारी माणसे आणि आपल्यासारखेच स्वतंत्र काम करणारे लोक यांना एकेकाचे नाव घालून, चार-पाच ओळींचे पत्र पाठवा. त्यात फाइल जोडू नका, ऐकण्याचा एक दुवा आणि उतरवण्याचा एक दुवा द्या. त्यांचा कार्यक्रम किंवा लेख आपण खरोखर ऐकला-वाचला असेल तरच तसे लिहा.

पैसे घेऊन हजारो वेळा गाणे वाजवून देण्याचे किंवा याद्यांत घालण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून दूर राहावे. ते वाजणे बहुधा यंत्रांचे असते. सेवा असे वाजणे ओळखतात, गाणे काढून टाकतात, आणि दंड वितरकावर बसला की तो आपल्याकडून वसूल होऊ शकतो.

१०. प्रकाशनानंतरची कामे

रचना रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे आणि ध्वनिमुद्रण कलावंतांच्या व निर्मात्यांच्या हक्कांसाठीच्या संस्थेकडे नोंदवा. वितरक ही कामे बहुधा आपोआप करत नाही. म्युझिकब्रेन्झ या खुल्या माहितीकोशात वादकांच्या नावांसह नोंद करा, कारण स्ट्रीमिंग सेवांवर सोबत वाजवणाऱ्यांची नावे अनेकदा दिसतच नाहीत. पहिले विवरणपत्र यायला काही महिने लागतात. ते आले की रक्कम कितीही लहान असो, वाटणीच्या पानाप्रमाणे वाटा आणि सर्वांना हिशेब पाठवा.

गाण्याचे संपूर्ण फोल्डर, म्हणजे मूळ ट्रॅक, स्टेम, मास्टर, मुखचित्र, परवाने, वाटणीचे पान आणि स्प्रेडशीट, दोन डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक डिस्क दुसऱ्या घरी असू द्या. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची फाइल वर्षांनी उघडेलच असे नसते, म्हणून प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणूनही काढून ठेवा. त्या एकाखाली एक मांडल्या की कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये गाणे पुन्हा उभे राहते. वर्षातून एकदा दुसऱ्या घरची डिस्क आणून एक गाणे अथपासून इतिपर्यंत वाजवून पाहा, आणि त्याच दिवशी वर्गणीची तारीख, डोमेनची मुदत व वाटणीच्या पानावरचे सर्वांचे फोन क्रमांक तपासून घ्या.